चालते चित्र आणि थांबवणारा हात

सुरत शहराच्या आग्नेय अंगास डिंडोली नावाची जी विस्तीर्ण वस्ती पसरलेली आहे, तिच्या बाजारातून डोळे मिटून चालणाऱ्या माणसास आपण गुजरातेत आहोत की खानदेशात, असा संभ्रम पडल्यावाचून राहणार नाही. उधना जंक्शनापासून निघून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशी मजल मारणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली असंख्य कुटुंबे लूम्स, डाइंग आणि साड्यांच्या घडीकामाच्या निमित्ताने इकडे आली, आणि त्यांतली पुष्कळशी डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या पट्ट्यातच स्थिरावली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, शाळेत मराठी, अशा भाषाव्यवहारात येथील मूल वाढते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते, ही गोष्ट हिंदुस्थानातील फारच थोड्या नगरपालिकांस सांगता येईल.

या मुलाच्या भोवताली विज्ञान अहोरात्र गडगडत असते. बापाच्या कारखान्यातला माग, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधली वाफ, उकाई धरणावरून येणारी वीज आणि काकरापारची अणुभट्टी या सर्वांच्या सान्निध्यात तो राहतो. परंतु यांपैकी कोणत्याही यंत्राच्या पोटात नेमके काय घडते, हे त्याच्या डोळ्यांस दिसत नाही. कुठे क्रिया अतिशय जलद असते, कुठे अतिशय मंद, कुठे अतिसूक्ष्म, तर कुठे इतकी विराट की तिच्यात आपण स्वतःच सामावलेले असतो. विज्ञानाच्या वर्गात चलच्चित्राचे, म्हणजे आजच्या बोलीत अ‍ॅनिमेशनचे, जे काही प्रयोजन आहे ते या चार ठिकाणी आहे. अन्यत्र त्याची गरज मला तरी फारशी वाटत नाही. पाण्यात मीठ विरघळते हे दाखवण्यासाठी जो शिक्षक प्रोजेक्टर लावतो आणि टेबलावर पेला ठेवत नाही, त्याने उपकरणाचाही अपमान केला आणि मिठाचाही.

मराठी माणसांत या प्रश्नाला ज्याने फार लवकर हात घातला, तो गृहस्थ शिक्षक नव्हता. धुंडिराज गोविंद फाळके यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात झाले. हे कलाभवन १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ज्यांनी उभारले, ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर जन्माने सुरतेचेच. तेव्हा या कथेचा एक धागा आपोआपच तापीकाठाशी येऊन मिळतो. १९१२ साली फाळके विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल उभे करण्याची विवंचना त्यांस पडली, आणि धनिकांची खातरी पटावी म्हणून त्यांनी जे पहिले चित्र तयार केले, त्यात ना देव होते ना राजे. कुंडीत लावलेल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, एवढेच त्यात होते. महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी करून टिपलेली ती वाढ पडद्यावर पाहता पाहता पुरी होई. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचे, म्हणजे आपल्याकडील चित्रपटधंद्याच्या मुळाशी वनस्पतिशास्त्राचा एक पाठ आहे, याचे स्मरण शाळाखात्याने ठेवावयास हरकत नाही. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हे काड्यांच्या हालचालींचे चित्रही केले.

या युक्तीचे गणित सातवीच्या मुलास फळ्यावर करून दाखवता येते. तासाला एक याप्रमाणे तीस दिवसांत ७२० चित्रे होतात, आणि सेकंदाला १६ चित्रे या मूकपटांच्या काळातील वेगाने ती दाखवली तर सारा महिना ४५ सेकंदांत संपतो. आज तेच काम भिंतीला टेकवून ठेवलेला साधा मोबाइल करतो. मटकीला मोड येतात ती अवघ्या दोन-तीन दिवसांची गोष्ट. दर अर्ध्या तासाने एक छायाचित्र घेण्याची पाळी मुलांनी आपसांत वाटून घेतली, तर रात्रीची पाळी कोणाची यावरून होणारे भांडण हाही निरीक्षणाच्या शिक्षणाचाच भाग समजावा. अशा रीतीने चित्र ज्याने स्वतः केले, त्या मुलास पडद्यावरील अंकुर ‘सरसर’ वाढतो हा भास आहे हे कोणी सांगावे लागत नाही. ज्याने आयते पाहिले, त्यास ते सांगावे लागते.

मंद क्रिया जलद करण्याचा हा प्रकार झाला. डिंडोलीत याच्या उलट प्रकाराची सामग्री घरोघर आहे. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि ज्याचा बाप बारा-बारा तास त्या मागांमध्ये उभा असतो, त्या मुलानेही धोट्याची फेक प्रत्यक्षात कधी पाहिलेली नसते. त्यास दिसते ती केवळ एक धूसर रेघ आणि ऐकू येतो तो खडखडाट. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल हल्ली पुष्कळांच्या खिशात असतो. मालकाची परवानगी घेऊन बापाने पाव मिनिटाचे चित्रण करून आणले, आणि शिक्षकाने ते सेकंदाला ३० या वेगाने पडद्यावर सोडले, की आठपट सावकाश झालेला माग आपले सारे कारस्थान उघडे करतो: ताणाचे धागे वर-खाली होऊन त्यांच्यामध्ये वाट उघडते, दांडीचा फटका बसतो, धोटा बाण्याचा धागा मागे सोडीत पार होतो, फणी तो धागा ठोकून बसवते, आणि पुन्हा वाट उघडते. आता शिक्षकाने चित्र थांबवावे आणि विचारावे, की धोटा दुसऱ्या टोकाला पोचल्यावर थांबतो तो कशाने, आणि त्याच्या अंगातली गती गेली कुठे? घर्षण, जडत्व, वारंवारता हे शब्द पुस्तकातून पाठ करणाऱ्या वर्गातील एखादा एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा तेव्हा उठून सांगू लागतो, की धोट्याच्या पेटीची पट्टी झिजली म्हणजे धोटा कसा उडतो आणि मग कारागिरास कसे सांभाळावे लागते. त्या वर्गात तोच अधिकारी माणूस असतो, आणि शिक्षकाने तेव्हा खाली बसावे हे उत्तम.

सूक्ष्म जगाकडे वळताच मात्र सावधगिरी बाळगावी लागते, कारण तेथे कॅमेरा संपतो आणि चित्रकाराची कल्पना सुरू होते. पॉलिएस्टरच्या कापडास रंग लागतो तो साध्या उकळत्या पाण्यात मनासारखा लागत नाही. बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर तंतूंतील लांबलचक रेणुसाखळ्या सैल होतात आणि त्यांच्या फटींतून रंगाचे रेणू आत शिरतात. हे दाखवण्यास अ‍ॅनिमेशनसारखे साधन नाही, आणि सुरतेच्या साडीधंद्यावर पोट असलेल्या घरातील मुलास ते दाखवले नाही तर दाखवावे कोणास? परंतु याच चित्रांतून किती गैरसमज बिनबोभाट शिरतात, याची गणती करू जाता मन थक्क होते. रेणू म्हणजे लाल-निळ्या चकचकीत गोट्या, हा त्यांतला पहिला; रेणूस स्वतःचा असा चकाकणारा रंगीत पृष्ठभाग नसतो, हे त्या चित्राखाली कोणी लिहीत नाही. दुसरा अधिक चिवट आहे. घन पदार्थात कण चिकटून, द्रवात बरेच दूर आणि वायूत त्याहून दूर, असे तीन चौकोन जवळजवळ प्रत्येक चित्रमालिकेत असतात. वस्तुतः द्रवातील कण घनातल्याइतकेच जवळपास दाटलेले असतात, आणि म्हणूनच पाणी भरलेल्या इंजेक्शनच्या नळीचे तोंड बोटाने बंद करून दांडा कितीही दाबला तरी तो आत जात नाही. दहा रुपयांची ती नळी वर्गात फिरवावी आणि मग तेच अ‍ॅनिमेशन पुन्हा लावून ‘यात चूक कोठे आहे?’ असे विचारावे. चुकीचे चित्र वर्गात लावूच नये असे माझे मत नाही. ते चुकीचे म्हणून लावावे.

विराटाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच नाजूक होते. ऋतू का होतात, हा पाठ शिकवताना पृथ्वीची कक्षा पडद्यावर अशी लंबगोल काढलेली असते, की पाहणाऱ्याने सूर्याजवळ गेलो म्हणजे उन्हाळा, असाच ग्रह करून घ्यावा. १९८७ साली अमेरिकेत ‘ए प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा अनुबोधपट निघाला; त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अध्यापक मिळून २३ जणांस ऋतूंसारखे साधे प्रश्न विचारले, तर २१ जणांची उत्तरे चुकली, आणि पुष्कळांनी हेच अंतराचे कारण मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर. सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरांवर. पृथ्वीची कक्षा फळ्यावर एक मीटर व्यासाची काढली, तर तिच्या आडव्या आणि उभ्या व्यासांतील फरक अवघा ०.१४ मिलिमीटर भरेल, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीत तो सहज लपून जाईल. सूर्य तेवढा मध्यबिंदूपासून सुमारे आठ मिलिमीटर बाजूस ठेवावा लागेल. अशी कक्षा काढणाऱ्या शिक्षकाचा फळा पडद्यापेक्षा अधिक खरा.

मग अ‍ॅनिमेशनचे येथे काम काय? ते डिंडोलीच्या आकाशानेच ठरवून दिले आहे. सुरतेचा अक्षांश सुमारे २१.२ अंश उत्तर. शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी सरळ रोवावी. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही तिची सावली जवळजवळ एक मीटरच भरते, आणि २१ मार्चच्या सुमारास ती सुमारे ३९ सेंटिमीटरांवर येते. माध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ सुरतेच्या पूर्वेस फार दूरच्या रेखावृत्तावर बेतलेली असल्याने येथे सूर्य साधारणतः साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान माथ्यावरची रेषा ओलांडतो, आणि सावली केव्हा सर्वांत आखूड होते हे खडूच्या खुणा करीत मुलांनीच शोधून काढावयाचे असते. पुढे सावली आखूड होत होत मेच्या अखेरीस एके दिवशी पायाखाली नाहीशी होते. परंतु त्या दिवशी शाळेस उन्हाळी सुटी असते आणि अर्धी मुले गावी, खानदेशात गेलेली असतात. दुसरी संधी जुलैच्या मध्यावर येते. तेव्हा शाळा भरलेली असते आणि आकाशही भरलेले असते. निसर्गाने आणि शाळाखात्याच्या वार्षिक वेळापत्रकाने मिळून ठेवलेली ही जी फट, ती भरून काढण्यासाठी संगणकावरील तारांगणाचे एखादे मोफत सॉफ्टवेअर उघडावे, स्थळ सुरत घालावे, आणि डिसेंबर व मार्चच्या सावल्या मुलांनी मोजलेल्या आकड्यांशी आधी ताडून पाहाव्या. आकडे जुळले म्हणजे मेच्या त्या न पाहिलेल्या माध्यान्हीवर विश्वास ठेवण्यास मुलांना आधार मिळतो. पृथ्वीचा कललेला अक्ष अवकाशातून दाखवणारे चित्र त्याच्याही नंतर यावे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि या प्रकरणात मला मुख्यतः तीच सांगावयाची आहे: चलच्चित्राचे शिक्षणमूल्य त्याच्या चालण्यात नसून ते हवे तेथे थांबवता येण्यात आहे. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा स्थिर चित्रांत जेवढी माहिती आहे तेवढीच हलत्या चित्रांत दिली असता हलत्या चित्राने अधिक शिकणे होते, असे त्यांस आढळले नाही. चित्र डोळ्यांसमोरून निसटून जाते, आणि मनाने एक पायरी पकडावी तोवर पडदा तिसऱ्या पायरीवर गेलेला असतो. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली, वीज कशी पडते हे दाखवणारे १४० सेकंदांचे एक अ‍ॅनिमेशन घेऊन त्याचे १६ तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जाण्याचे बटण पाहणाऱ्याच्या हाती दिले. ज्यांस असे थांबण्याची मुभा होती, त्यांस शिकलेले ज्ञान नव्या प्रश्नांस लावणे अधिक साधले. याच मेयर यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिलेले आणखी दोन नियम शाळेच्या भिंतीवर लावण्याजोगे आहेत. पाठाशी संबंध नसलेली करमणूक, संगीत, उड्या मारणारी अक्षरे शिकण्यास हातभार लावीत नाहीत, उलट विघ्न करतात; आणि निवेदन कानांनी ऐकू येत असताना तेच शब्द पडद्यावर लिहून दाखवल्याने बहुधा गोंधळच वाढतो. आपल्याकडील पुष्कळशा तयार ‘ई-कन्टेन्ट’मध्ये हे दोन्ही नियम नेमाने मोडलेले असतात, ढोलकीच्या तालासकट.

थांबवता न येणाऱ्या चित्राचा मोठा अनुभव हिंदुस्थानाने घेतलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट उतरवले गेले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक प्राध्यापक यशपाल होते, आणि या ‘साइट’ प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या खेड्यांत उभ्या राहिल्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी प्रत्येक भाषेस साडेबावीस मिनिटे मिळत, आणि त्यांत विज्ञानास मानाचे स्थान होते. परंतु उपग्रह कोणासाठी थांबत नाही. मुलाने हात वर केला तरी कार्यक्रम पुढे निघून जाई. प्रवर्तकांस ही उणीव कळलेली होती असे मानण्यास जागा आहे, कारण त्याच वर्षी प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकवण्यासाठी त्यांनी दूरदर्शन, आकाशवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष प्रयोग यांचा संयोग घडवला, आणि सुमारे पन्नास हजार शिक्षक त्या शिबिरांतून गेले. त्या संचाचे नावच ‘मल्टिमीडिया पॅकेज’ असे होते. पडदा बोलत असतो, आणि शेजारी हाडामांसाचा माणूस साहित्य घेऊन बसलेला असतो, हा बहुमाध्यमाचा तेव्हाचा अर्थ. पुढे संगणकाच्या काळात तो आक्रसून एका खिडकीत हलणारे चित्र एवढाच उरला.

आज साधनांची वानवा पूर्वीइतकी नाही. गुजरात सरकारने २०१७ साली ‘ज्ञानकुंज’ योजना सुरू करून सातवी-आठवीच्या वर्गांत प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पर्शाने चालणारा फळा देण्यास प्रारंभ केला. त्याच साली केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ निघाले. गांधीनगरच्या बायसॅग संस्थेमार्फत ‘वंदे गुजरात’ वाहिन्यांचे पाठ उपग्रहावरून येतात. महाराष्ट्रात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडण्याची जी वाट दाखवली, तिचा पुढे राज्यभर अवलंब झाला आणि २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या ज्या छोट्या फिती केल्या, त्या मराठीतही आहेत, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की त्या पाहिल्यावर मूल पडद्याकडे पाहत बसत नाही, स्ट्रॉ आणि टाचणी शोधू लागते.

अडचण निराळीच आहे, आणि ती निम्मी दप्तरी आहे. यंत्र आले की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते, नोंद झाली की ते बिघडल्यास जाब कोण देणार हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या भयाने ते कपाटात कुलूपबंद होते. दिवा गेला तर दुरुस्तीची दरखास्त वर जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत सत्र संपते. वर्गाच्या पश्चिमेकडील खिडक्यांना पडदे नसतात, म्हणून दुपार-पाळीच्या मुलांस पडद्यावर हृदयाच्या कप्प्यांऐवजी ऊनच दिसते. राहिलेली निम्मी अडचण भाषेची. गुजरातेतील मराठी माध्यमाचे पुस्तक गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे. महाराष्ट्रातले तयार मराठी चित्रपाठ बालभारतीच्या क्रमाने केलेले. आणि गुजरातच्या अभ्यासक्रमाशी जुळणारे जे विपुल आहे, ते साहजिकच गुजरातीत. डिंडोलीचा शिक्षक या दोन मुलुखांच्या सीमेवर पेन ड्राइव्ह घेऊन उभा असतो.

त्यावर एक साधी तोड अशी, की गुजराती वा इंग्रजी अ‍ॅनिमेशन लावावे आणि त्याचा आवाज बंद करावा. प्रथम संपूर्ण चित्र मुकेपणाने एकदा दाखवावे; दुसऱ्या वेळी प्रत्येक टप्प्यावर थांबवून ‘आता काय होणार?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावी. तिसऱ्या वेळी मुलांनीच निवेदन करावे. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाते हे एकाने सांगितले, की दुसरा त्यास अडवतो, कारण पडद्यावर उजवा कप्पा डाव्या हातास दिसतो; आणि चित्रातील मनुष्य आपल्यासमोर तोंड करून उभा आहे हे उमगेपर्यंत दहा मिनिटे जी हुज्जत चालते, तीत मराठी, अहिराणी आणि गुजराती शब्दांची सरमिसळ झाली तरी शिक्षकाने कपाळाला आठी घालू नये; पारिभाषिक शब्द तेवढे शेवटी पुस्तकाप्रमाणे पक्के करून घ्यावे. आठवीच्या मुलांनी असे निवेदन मोबाइलवर मुद्रित करून पाठाच्या नावाने जपून ठेवले, तर पुढील वर्षीच्या सातवीस ते ऐकवता येते. आणि त्या सातवीने त्यात चूक काढली, तर मुद्रण पुन्हा करावयास खर्च काहीच येत नाही.